आपल्या समुद्रातली प्रवाळे

पोवळे म्हटले की आपल्याला सराफाकडची तांबडी अंगठी आठवते, नाहीतर वैद्यांनी दिलेली प्रवाळपिष्टी. अंगठीतले ते पोवळे मुख्यतः दूरच्या भूमध्य समुद्रातले. उष्ण कटिबंधातली, खडक उभारणारी प्रवाळे वेगळी, आणि ती आपल्या महाराष्ट्रातही आहेत. अंबड समुद्रापासून दूर खरे; पण सुटी लागली की इथली कितीतरी कुटुंबे मालवण-तारकर्लीला जातात आणि पाण्याखाली डोकावून येतात. तिथे दिसते ते नेमके काय असते?

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. असे हजारो चिमुकले जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्रातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळांचे रंगही बरेचसे या शैवालामुळेच. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळखडकांनी व्यापलेला नाही. पण समुद्री जीवांच्या सुमारे चौथा हिस्सा जातींना त्यांचा आसरा लागतो.

शैवालाला प्रकाश हवा, म्हणून पाणी स्वच्छ हवे. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात भरपूर गाळ आणतात. त्यामुळे लक्षद्वीप-अंदमानसारखे मोठे खडक आपल्या किनाऱ्यालगत तयार होत नाहीत; मालवण, रत्नागिरी, मुंबई अशा ठिकाणी तुरळक वस्त्या तेवढ्या आढळतात. त्या थोड्या आहेत, म्हणूनच जपायला हव्यात.

त्यासाठी कायदा आहे. खडक उभारणाऱ्या प्रवाळांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. त्यामुळेच मुंबईचा किनारी रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. त्याआधी, १९८७ मध्ये, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातले २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले होते. पण मासेमारीवर बंधने येतील या धास्तीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय अभयारण्य कागदावरच राहते, हा मालवणचा धडा आहे.

आपला सर्वांत मोठा प्रवाळांचा ठेवा मात्र किनाऱ्यावर नाहीच. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्यावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. त्याचा माथा पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरवर आहे. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, त्यामुळे पाणी नितळ आणि प्रवाळे विपुल. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या पथकाने तिथे मोहीम काढून पाहणी केली.

अडचण अशी की, देशाची प्रादेशिक सागरी हद्द बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच असते. अभयारण्य घोषित करण्याची वन्यजीव कायद्यातली तरतूद त्यापलीकडे पोचत नाही. दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रासाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे. त्याखाली केंद्र सरकारला एखादा भाग ‘निर्दिष्ट क्षेत्र’ ठरवून तिथल्या सागरी पर्यावरणाचे रक्षण करता येते. आंग्रियासाठी हीच वाट आहे.

अर्थात समुद्राच्या उष्णतेला कोणतीच हद्द अडवत नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापलेले राहिले, तरी प्रवाळे शैवालाला बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. पाणी लवकर निवले तर ती सावरतात, नाहीतर उपासमारीने मरतात. लक्षद्वीपने १९९८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये हा फटका सोसला. अशा वेळी नांगर, जाळी, सांडपाणी यांचे घाव आधीच झालेले नसतील, तर सावरण्याची आशा अधिक.

पुढच्या सुटीत मालवणला जाल तेव्हा एवढे करा. प्रवाळांवर उभे राहू नका, त्यांना हात लावू नका, नावाड्याला खडकावर नांगर टाकू देऊ नका. आठवण म्हणून तुकडाही आणू नका; तो गुन्हा आहे. बोटभर वाढायला काही प्रवाळांना कित्येक वर्षे लागतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)