मोटार : नवी की वापरलेली?

मोटार घ्यावयाची असे घरात ठरले की पहिला वाद रंगाचा होतो, दुसरा कंपनीचा. कर्जविभागात आमच्यासमोर येऊन बसणारे ग्राहक मात्र बहुधा तिसऱ्याच प्रश्नात अडकलेले असतात : हाताशी असलेल्या पैशांत लहान नवी गाडी घ्यावी, की चार वर्षे वापरलेली मोठी? (रंगाच्या वादात बँक पडत नाही.) सर्वांना लागू पडेल असे उत्तर देणे शक्य नाही, परंतु आपण गाडी किती वर्षे ठेवणार आहोत, येथून विचार सुरू केला तर पुष्कळसा गुंता सुटतो.

नव्या मोटारीच्या मूळ किमतीवर वाहनकर, नोंदणी आणि विमा यांचा भार पडतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस एकरकमी कर ११ टक्के आहे. गाडी विकताना ही रक्कम वेगळी परत मिळत नाही. शिवाय घसारा आहेच. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरविण्याच्या प्रचलित कोष्टकानुसार एक वर्षाच्या आत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घट धरली जाते. बाजारभाव मॉडेलप्रमाणे कमीअधिक असेल, पण उताराची दिशा हीच. म्हणून ज्यांना तीन-चार वर्षांत गाडी बदलण्याची हौस आहे, त्यांनी नवी घेणे म्हणजे सर्वांत महाग वर्षे स्वतःच्या खिशातून भागविणे होय. उलट, दहा-बारा वर्षे तीच गाडी जपून वापरणाऱ्यास नवी गाडी महाग पडत नाही.

आता हप्त्याचा हिशेब पाहू. समजा, नव्या गाडीसाठी ६ लाख रुपये ९ टक्के दराने सात वर्षांकरिता घेतले. मासिक हप्ता सुमारे ९,६५० रुपये आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ११ हजार होते. वापरलेल्या गाडीसाठी ३ लाख रुपये १२ टक्क्यांनी चार वर्षांकरिता घेतल्यास हप्ता ७,९०० आणि व्याज सुमारे ७९ हजार. वापरलेल्या वाहनाच्या कर्जाचा दर सहसा अधिक आणि मुदत कमी असते, त्यामुळे निम्म्या कर्जाचा हप्ता निम्मा होत नाही. हप्ता हलका करण्यासाठी जुन्या गाडीची मुदत लांबविण्याचा आग्रह काही ग्राहक धरतात. तो धरू नये. गाडी गॅरेजमध्ये आणि हप्ते चालूच, असा प्रसंग ओढवतो.

भावाची तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. पूर्वी लहान पेट्रोल गाडीवर अधिभारासह तो २९ टक्के होता. विक्रेता आपल्या जुन्या पावतीवर बोट ठेवून किंमत सांगत असेल, तर आपण आजच्या नव्या गाडीच्या दरपत्रकावर बोट ठेवावे.

वापरलेली घ्यावयाची तर शक्यतो १ एप्रिल २०२० नंतर नोंदणी झालेली पाहावी, असे माझे मत आहे. त्या तारखेपासून नोंदणीस भारत स्टेज ६ मानक लागू झाले. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली, आणि त्याबाबतचे आदेश २०२५ मध्येही बदलले. जुन्या मानकाची गाडी उद्या कोठे चालेल, याची हमी कोण देणार?

इंजिन मेकॅनिककडून तपासून घ्यावे. टायरवरील चार आकडी खुणेवरून त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते, ते मीटरवरील किलोमीटरशी जुळते का पाहावे. सतरंजीखाली चिखल किंवा आसनांच्या पट्ट्यांवर गंज आढळल्यास गाडी पुरात बुडालेली असण्याचा संभव असतो. पण खरी परीक्षा कागदांची. नोंदणी पुस्तकावर कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा आहे काय? कर्ज फिटले तरी ना हरकत दाखला व नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिल्याशिवाय तो बोजा उतरत नाही, आणि हे दाखले कपाटात ठेवून विसरणारे सज्जन पुष्कळ आहेत. परराज्यातील गाडी असेल तर तेथील ना हरकत दाखला, नमुना २८, हवा आणि येथे कर पुन्हा भरावा लागतो. स्वस्त भावातील बचत बरेचदा तेथेच संपते.

नाव बदलण्याचे नमुने २९ व ३० हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका खटल्यात, गाडी हस्ते-परहस्ते चौघांकडे गेलेली असूनही, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव राहिलेल्या मूळ मालकावरच ठेवली. विमा पॉलिसीवरील नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने चौदा दिवसांत अर्ज करावयाचा असतो. विनादावा सवलत मात्र गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाचीच राहते. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विम्याचा हप्ता विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा अधिक येईल, हे धरूनच सौदा करावा. आणि दुसरी किल्ली त्याच दिवशी मागून घ्यावी.