स्पंजातली वस्ती

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या मत्स्यालयात खाऱ्या पाण्याची एक टाकी होती. तिच्या तळाच्या खडीतून शास्त्रज्ञांनी एक सूक्ष्मजीव वेगळा काढला आणि २००५ मध्ये तो जगासमोर आणला. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो बॅक्टेरिया नव्हे, आर्किया या निराळ्याच प्राचीन कुळातला, आणि अमोनियावर जगणारा. त्याचे भाऊबंद समुद्रात अफाट संख्येनं पसरलेले आहेत. पण त्यांच्यातला प्रयोगशाळेत वाढवता आलेला पहिला जीव सापडला माशांच्या टाकीत!

आपल्या दिवाणखान्यातल्या फिश टँकमध्येही असंच न दिसणारं काम चालू असतं. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. तो साठला तर त्यांनाच मारक. मग काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते माशांना बऱ्यापैकी सोसतं. ही सगळी मंडळी फिल्टरच्या स्पंजात, खडीवर, काचेवर चिकटून राहतात. अनुकूल स्थितीतही त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना जातो.

आता रविवारची सफाई आठवा. मासे बादलीत, खडी चाळणीत, स्पंज नळाखाली. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जंतू मारण्यासाठीच. त्याला हे जंतू उपकारी आहेत हे कुठून कळणार? टँक लखलखतो आणि चार दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. माझ्या मते घरातल्या माशांना अस्वच्छतेपेक्षा अशी कडक स्वच्छताच जास्त भोवते.

मग शेवाळाचं काय? नायट्रेट म्हणजे खतच. त्यावर खिडकीतलं ऊन किंवा रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा मिळाला की शेवाळ फोफावणारच. पण काचेवरचं सगळंच शेवाळ एका जातीचं नसतं. नव्या टँकमध्ये दिसणारा तपकिरी थर बहुधा डायटमचा. हे एकपेशीय जीव पाण्यातल्या सिलिकापासून स्वतःभोवती नक्षीदार कवच घडवतात. म्हणजे काचेवर काचेसारख्याच द्रव्याच्या डब्या चिकटलेल्या! बहुतेक वेळा काही आठवड्यांत हा थर आपसूक ओसरतो. निळसर-हिरवी, बुळबुळीत, वास मारणारी चादर दिसली तर ते खरं शेवाळ नाहीच, ते सायनोबॅक्टेरिया. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो त्यांच्या पूर्वजांमुळे. पुसून टाका, पण जरा आदरानं.

शेवाळ आवरायला टाकी धुवायलाच हवी असं नाही. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. पानं कुजली, पाणी गढूळलं, काचेवर हिरवट थर चढला. त्यांनी टाकी धुतली नाही. तळ्यातल्या काही गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी ती घाण खाल्ली, आणि त्यांची अंडी माशांनी. पाणी निवळलं.

आपल्याला करायचं आहे ते याच धर्तीचं. दिवा रोज सहा ते आठ तास, त्याहून जास्त नको. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच; उरलेला दाणा शेवाळाच्याच पोटात जातो. आठवड्याला पाव टँक पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन घालवूनच ओता. काच जुन्या प्लास्टिक कार्डानं खरवडा (टँक अ‍ॅक्रिलिकचा असेल तर मऊ स्पंजानं, चरे पडतात). मनीप्लँटच्या मुळ्या पाण्यात सोडल्या तर त्या नायट्रेट शोषून घेतात; पानं मात्र वरच राहू द्या. मागच्या काचेवर थोडं शेवाळ राहिलं तर राहू द्या, मासे आणि गोगलगाई ते चरतील.

आणि फिल्टरचा स्पंज पिळायचा तो टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नळाखाली कधीच नाही.