लांडगा आणि कारवानी

अमरकोशांत कोक, ईहामृग व वृक हीं लांडग्याचीं नांवें आहेत. मृगयाकुशल कुत्र्यास मात्र ‘विश्वकद्रु’ असें स्वतंत्र नांव आहे. लातूर-नांदेडकडील कारवानी कुत्रा पाहिला म्हणजे या शब्दाची सार्थता पटते. लांब मान, खोल छाती, पाठीस लागलेलें पोट. धांवतो तो वासापेक्षां नजरेनें. मोकळ्या माळरानावर सशामागें, व प्रसंगीं मेंढरांवर टपलेल्या लांडग्यामागेंही, त्यास सोडीत असत. रशियांतील उमरावांना लांडग्याची शिकार हा षोक होता. धनगरास मात्र तो पोटाचा प्रश्न होता.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, व पुढें लांडगा त्याच्या पहिल्या अनुसूचींत आला. शिकार थांबली, हें योग्यच झालें. परंतु आतां संकट दुसऱ्या वाटेनें येत आहे. माळरानें नांगराखालीं गेलीं. मोकाट कुत्र्यांपासून लांडग्यांस रोग जडतात. आणि पुण्याजवळ कुत्रा व लांडगा यांचा संकर झाल्याचें जनुकीय परीक्षेनें सिद्ध झालें आहे. शिकारी कुत्र्याच्या दातांनीं जें साधलें नाहीं, तें मोकाट कुत्र्याच्या सोयरिकीनें साधूं पाहत आहे!

म्हणून ज्या वाचकांच्या मळ्यावर कारवानी असेल, त्यांनीं त्यास राखणीस अवश्य ठेवावें. परंतु वेळेवर लस टोचवावी, आणि रात्रीं माळावर मोकळें सोडूं नये.