वीस चिठ्ठ्या

रामराज्याच्या नेमकें उलट असें एखादें भावी राज्य कल्पून रचलेल्या कादंबऱ्यांना इंग्रजींत डिस्टोपिया म्हणतात. अलीकडे त्या बहुधा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या तोंडून सांगितल्या जातात, आणि एकदां हातीं घेतल्या म्हणजे खालीं ठेववत नाहींत. असें कां व्हावें, याचा थोडा उलगडा आम्हांस आमच्याच वर्गांत झाला.

गेल्या पावसाळ्यांत मोलगीच्या नववीस आम्हीं सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ (२००८) ही कादंबरी रोज थोडी थोडी मराठींत सांगितली. पॅनेम नांवाच्या राष्ट्रांत एक राजधानी व तिच्या टाचेखालीं १२ जिल्हे. दरवर्षीं प्रत्येक जिल्ह्यांतून १२ ते १८ वर्षांचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात, आणि त्या २४ जणांना एकच जिवंत उरेपर्यंत झुंजवितात. निवेदिका कॅटनिस १६ वर्षांची. बाप कोळशाच्या खाणींत दगावलेला. कुंपणापलीकडच्या रानांत तीरकामठ्यानें शिकार करून ती घर चालविते.

वर्ग स्तब्ध झाला तो झुंजीच्या वर्णनानें नव्हे, एका हिशेबानें. बाराव्या वर्षीं नांवाची एक चिठ्ठी पडते, पुढें दरवर्षीं एक वाढते. सोळाव्या वर्षीं पांच. परंतु गरिबानें आपल्या नांवाची एक चिठ्ठी अधिक टाकली तर एका माणसाला वर्षभर पुरेल इतकें धान्य व तेल मिळतें. स्वतः, आई व धाकटी बहीण यांच्यासाठीं कॅटनिसनें पांच वर्षें हें धान्य घेतलें. त्या पंधरा चिठ्ठ्या, एकूण वीस. आम्ही फळ्यावर बेरीज मांडून वळलों तों मागच्या बांकावरील एक मुलगी हलकेच म्हणाली, “सर, मीही घेतलं असतं.”

कॅटनिस हें सारें सांगते तें आपण रेशनच्या दुकानाचा भाव सांगतों तशा स्वरांत. जन्मापासून तिनें दुसरें कांहीं पाहिलेंच नाहीं. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चा (१९४९) नायक ३९ वर्षांचा आहे; त्याला जुन्या जगाची अंधुक कां होईना आठवण आहे, म्हणून त्याचा संशय वाचकास आयताच मिळतो. किशोरवयीन निवेदकाजवळ तुलनेस पहिलें जगच नसतें. तो अन्याय नियम म्हणून सांगतो, आणि त्याला अन्याय म्हणण्याचें काम वाचकावर पडतें. शिवाय कॅटनिस वर्तमानकाळांत बोलते. ती वांचली म्हणूनच सांगत आहे, एवढाही दिलासा आपणांस राहत नाहीं. (कथेंतील प्रेमप्रकरण आम्हांस लांबलेलें वाटलें. मुलींनीं मात्र त्याचीच अधिक चौकशी केली.)

मराठींत याच्या जवळ जाते ती मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४). ती भविष्याची नव्हे, घडलेल्या काळाची कादंबरी. २५ जून १९७५ रोजीं जाहीर झालेली आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत चालली. त्या दिवसांतील नववींतला मुकुंद जोशी ती सांगतो. देशांत पुढारी तुरुंगांत व वर्तमानपत्रांवर पहारा. मुकुंदाचें चित्त मात्र वर्गांतील शिरोडकर या मुलीकडे. ते दिवस जाणतेपणीं पाहिलेला वाचक त्या पोराच्या खांद्यावरून पलीकडे पाहतो, आणि त्याला न दिसणारें पाहून दचकतो.

वीस चिठ्ठ्यांची कॅटनिस सुटते. निघते ती तिच्या १२ वर्षांच्या बहिणीची एकुलती एक चिठ्ठी, आणि तिच्याऐवजीं कॅटनिस स्वतः पुढें होते. त्या दिवशीं एका मुलानें विचारलें, तीरकामठा येतो, रानांतले कंद ओळखतां येतात, तर ती पळून कां जात नाहीं? सातपुड्यांतील मुलांचा हा प्रश्न. अर्धा वर्ग त्याच्या बाजूचा. “आई-बहिणीला कोण जगवील?” असें मुलींनीं विचारलें, आणि घंटा होईपर्यंत वाद चालला.

दुसऱ्या दिवशीं वह्या तपासतांना त्याच मुलाच्या वहीच्या समासांत एक हिशेब आढळला. वय चौदा, घरांत माणसें सात: तीन आणि एकवीस, चोवीस. त्याखालीं त्यानें धाकट्या भावाचें नांव लिहिलें होतें, आणि त्यासमोर आंकडा एक.