नाताळच्या ताटातला भोपळा

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की माझ्याकडे एक फोन ठरलेला असतो. माझ्या ख्रिस्ती मित्राची बायको पलीकडून विचारते, "भाऊजी, यंदा तुमच्यासाठी आणि गुरुजींसाठी काय करायचं?" मी कवी माणूस. स्वयंपाकघरातलं माझं ज्ञान चहापलीकडे फारसं जात नाही. पण नाताळच्या जेवणात शाकाहारी माणसाला मुख्य पदार्थ म्हणून काय वाढावं, या एका प्रश्नावर मात्र मी पस्तीसेक वर्षं विचार करत आलो आहे. त्याला एक कारण घडलं.

१९८९ सालची गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मित्राच्या आईनं, म्हणजे मावशींनी, मला आणि आमच्या शाळेतल्या मराठीच्या गुरुजींना नाताळच्या दुपारी जेवायला बोलावलं. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ कसा असतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सकाळी चर्चमधली उपासना, पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं, घरी आल्यावर करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. फराळ अगदी दिवाळीसारखा. आणि दुपारी मटणाचा रस्सा.

आता गुरुजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणही वर्ज्य. आणि माझ्या घरी हलालची शिस्त. कुराणाच्या पाचव्या अध्यायात ग्रंथधारकांचं, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांचं, अन्न मुसलमानाला चालतं असं सांगितलेलं आहे. पण मांस कुणी आणि कसं कापलेलं असावं याबद्दल आमच्यात मतं अनेक. त्या वादात पडण्यापेक्षा मी भाजी पत्करली. मावशींनी खोलीच्या कोपऱ्यात आम्हा दोघांची पानं वेगळी मांडली. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात. वेगळी मांडली ती काळजीपोटी, रश्श्याचा डाव चुकूनही इकडे लागू नये म्हणून. गुरुजी पोटभर जेवले, मीही जेवलो. हात धुवायला उठलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुम्हाला जेवण मिळालं रे बाळा, पण नाताळचं जेवण नाही मिळालं." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. पाहुण्यांची नव्हे, यजमानाचीच उपासमार झाली होती.

नेमकं काय कमी पडलं होतं? पुढे विचार करताना माझ्या लक्षात आलं की आपल्या शाकाहारी पानात 'मुख्य पदार्थ' असा नसतोच. डावीकडे लोणचं-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात. सगळे आपापल्या जागी मानाचे. पाश्चात्त्य मेजवानीत मात्र टेबलाच्या मधोमध एक अख्खा पदार्थ येतो, सगळ्यांच्या देखत कापला जातो, आणि बाकीचं सारं त्याच्या दिमतीला असतं. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेतला, सोळाव्या शतकात युरोपात पोचला. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या कथेत कंजूष स्क्रूजचं मन पालटतं, तेव्हा तो आपल्या गरीब कारकुनाच्या घरी भलीमोठी टर्की पाठवतो. आपल्याकडे टर्कीची जागा मटणानं घेतली, तरी तो मधला मान तसाच राहिला. ताटातून मटण वजा केलं की तिथं खड्डा पडतो, आणि बटाट्याची भाजी कितीही चांगली असली तरी तो खड्डा भरत नाही.

मग मांसाशिवाय नाताळ होत नाही का? होतो, आणि तो जुन्या परंपरेनं होतो. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणात मांस नसतं. मासे चालतात, पण बाकी बीटचं सार, कोबी, मशरूम असे बारा पदार्थ करण्याची रीत आहे. अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जादा पानही मांडून ठेवतात. युक्रेनमध्येही त्या रात्री बारा बिनमांसाचे पदार्थ असतात. त्यांत पहिला मान 'कुत्या' या पदार्थाचा, म्हणजे शिजवलेले गहू, खसखस आणि मध. आपल्या गव्हाच्या खिरीची ही लांबची बहीणच. इथिओपियाचे ख्रिस्ती लोक ७ जानेवारीच्या आपल्या नाताळाआधी चाळीसहून अधिक दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. बायबलमधल्या दानिएलानंही राजाचं पक्वान्न नाकारून दहा दिवस भाजीपाला आणि पाण्यावर काढले होते. तेव्हा शाकाहारी पाहुणा नाताळात उपरा मुळीच नाही.

इंग्लंडात शाकाहारी मंडळींनी १८४७ साली आपली संस्था काढली. गांधीजी लंडनला शिकत असताना तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. या लोकांनी टर्कीच्या जागी 'नट रोस्ट' आणला. अक्रोड-काजूसारखी कवचफळं भरडायची, त्यांत पावाचा चुरा, कांदा, मशरूम घालायचं, अंड्यानं बांधायचं आणि पावासारखं भाजून त्याचे काप वाढायचे. कल्पना चांगली, पण तिची थट्टाही फार झाली, कारण तो कोरडा ठणठणीत व्हायचा. त्याचा उपाय सोपा आहे. चुरा कमी करायचा, ओलसर परतलेलं मशरूम आणि शिजवलेली मसूर वाढवायची, आणि सोबत रस्सा द्यायचा. आपल्याकडे शाकाहारी म्हणजे बहुधा अंडंही नको. मग बांधायला भाजलेल्या जवसाची पूड पाण्यात भिजवून घालावी.

या सगळ्यातून मी निवडीच्या चार कसोट्या काढल्या. पहिली, पदार्थ अख्खा, देखणा असावा आणि सगळ्यांसमोर कापून वाढता यावा. दुसरी, त्यात अंगचा कस असावा, म्हणजे डाळ, कडधान्य, पनीर किंवा दाणे असावेत. नुसत्या भाजीवर सणाचं पोट भरत नाही. तिसरी, तो आदल्या दिवशी अर्धा तयार करून ठेवता यावा, कारण नाताळच्या सकाळी घरची बाई चर्चमध्ये असायला हवी, चुलीपाशी नव्हे. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची, मटण खाणाऱ्यालाही तो आपल्या ताटात घ्यावासा वाटला पाहिजे. जो पदार्थ फक्त शाकाहाऱ्यासाठी केलेला असतो, तो त्याला पुन्हा कोपऱ्यातच बसवतो.

या कसोट्यांवर आम्ही एकेक उमेदवार उभा केला. पनीरची भाजी कुठल्याही लग्नात मिळते, तिला नाताळचा चेहरा नाही. भरली वांगी डिसेंबरात झकास मिळतात, चवीला तोड नाही, पण ती रोजच्या ओळखीची. कच्च्या फणसाची भाजी मटणाच्या जवळ जाते खरी, पण आपल्याकडे त्याचा हंगाम नाताळनंतर सुरू होतो. अख्खा फ्लॉवर दही-मसाला लावून भाजला तर टेबलावर शोभतो. तो काही वर्षं चालला, पण त्याला कस कमी पडतो.

मग मला आर्मेनियातला 'घापामा' सापडला. आर्मेनियात नाताळाच्या दिवसांत अख्खा भोपळा भात, सुकामेवा आणि मध भरून भाजतात, टेबलावर आणतात आणि फोडी करून वाटतात. भोपळा तर आपल्या बाजारात बारा महिने! मात्र तिकडचा पदार्थ गोडसर असतो. वहिनींनी त्याला आपल्या वळणावर आणलं. ते त्यांच्याच शब्दांत सांगतो.

साधारण अडीच किलोचा, बसका, घट्ट सालीचा लाल भोपळा घ्यायचा. देठाकडून झाकणासारखा काप काढायचा, बिया आणि धागे खरवडून टाकायचे, आतून मीठ आणि तूप चोळायचं. दीड वाटी तांदूळ अर्धवट शिजवून निथळायचे. त्यांत मूठभर मटार किंवा सोलाणे, पनीरचे तुकडे, काजू, मनुका, चिरलेले जर्दाळू, दालचिनी, मिरपूड, मीठ आणि मावशींच्या हातचा काळा मसाला. मावशी आता नाहीत, पण मसाल्याचं माप त्यांचंच आहे. मात्र तो मसाला कांदा-लसूण न घालता वेगळा कुटायचा. सारण दाबून भरायचं नाही, कारण तांदूळ फुगतो. अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण लावायचं, बाहेरून तेलाचा हात फिरवायचा आणि १८० अंशांवर साधारण दीड तास, सुरी अलगद आत जाईपर्यंत, भाजायचं. भोपळा आदल्या रात्री कोरून आणि भात शिजवून, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवता येतं. सोबत खोबरं, तीळ आणि शेंगदाण्यांचा रस्सा.

वहिनींकडे सुरुवातीला ओव्हन नव्हता. आमच्या मोहल्ल्यातल्या बेकरीवाल्या चाचांनी पावाचा घाणा निघाल्यावर निवत्या भट्टीत भोपळा ठेवला. ईदेला, दिवाळीला लोक नानकटाईची ताटं घेऊन जिथं रांग लावतात, त्याच भट्टीतून नाताळचा भोपळा निघाला. चाचांनी एक फोड मात्र हक्कानं मागून घेतली.

काही खबरदारी सांगतो. मुख्य पदार्थ शाकाहारी झाला म्हणजे जेवण शाकाहारी झालं असं नाही. बाजारच्या जेलीत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. वुस्टरशर सॉसमध्ये परंपरेनं अँचोव्ही मासे असतात. केकमध्ये अंडं असतं, आणि त्यातला सुकामेवा पुष्कळदा रममध्ये मुरवलेला असतो. वहिनी माझ्यासाठी तो संत्र्याच्या रसात मुरवतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघावा, तळणीचं तेल आणि वाढायचे डाव वेगळे ठेवावेत. आणि हे सारं पाहुण्याला आधीच सांगावं, म्हणजे त्याला ताटावर बसून चौकशी करण्याची अवघड वेळ येत नाही. पाहुणा जैन असेल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर काहीच नको. भोपळा इथंही अडत नाही.

२०२० साली तर कमाल झाली. नाताळ आणि मोक्षदा एकादशी एकाच दिवशी आली. गुरुजींना भात वर्ज्य. वर करोनाचा काळ, एकत्र बसायची सोय नाही. वहिनींनी एका लहान भोपळ्यात तांदळाऐवजी भगर भरली, मटार आणि मसाला काढून जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट घातलं, आणि डबा गुरुजींच्या दारात ठेवून त्या परत फिरल्या. संध्याकाळी गुरुजींचा मला फोन आला. म्हणाले, "अहो कविराज, आज माझ्या एकादशीला नाताळ जेवून गेला."

कुराणाच्या ज्या पाचव्या अध्यायाचा मी मघाशी उल्लेख केला, त्याचं नाव 'अल्-माइदा', म्हणजे अन्नानं मांडलेलं पान. त्यात एक प्रसंग आहे. हजरत ईसांचे, म्हणजे येशूंचे, शिष्य आकाशातून अन्नाचं पान उतरावं असा हट्ट धरतात. तेव्हा ईसा अल्लाहकडे ते मागतात, आणि ते आमच्यातल्या पहिल्यांसाठी आणि शेवटच्यांसाठीही सणच ठरावं अशी प्रार्थना करतात. त्या पानात काय वाढलं होतं, ते कुराण सांगत नाही. मला वाटतं, यजमानाला निवडीची मोकळीक त्यातच आहे. पदार्थ कुठलाही असो, तो शेवटच्या पाहुण्यालाही पुरला पाहिजे.

आता वहिनींच्या घरी वेगळं पान मांडत नाहीत. मटणाचं पातेलं आपल्या जागी असतं, आणि मधोमध वाफाळता भोपळा. पहिली फोड गुरुजींना, दुसरी मला, आणि तिसरी घ्यायला मटण खाणाऱ्या पोरांची रांग. गेल्या वर्षी तर आमच्या वाट्याला दुसऱ्यांदा आलाच नाही. मावशी असत्या तर यंदा त्यांनी दोन भोपळे करायला सांगितलं असतं. वहिनींचा फोन आला की मी तेच सांगणार आहे.