ओटीपीनंतर काय होतं?

‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीत पालीपासून गडचिरोलीपर्यंत बायकांनी ओटीपीची वाट पाहिली, त्याच्या बातम्या झाल्या. ओटीपी टाकल्यावर पुढे काय होतं, याची बातमी कोण करणार? ओटीपी असो की रेशन दुकानातला अंगठा, तो एईएस या पद्धतीने कूटबद्ध होऊन आधारच्या सर्व्हरकडे जातो. आधारच्या सुरुवातीच्या नियमावलीत एईएसचा ईसीबी प्रकार होता. त्यात किल्ली तीच असेल तर मजकुराच्या सारख्या तुकड्याचं कूटही सारखंच निघतं. पुढे जीसीएम हा प्रकार आला. त्यात मजकुराला वाटेत कुणी हात लावला तर तेही कळतं.

हे सगळं चालवणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्रऱ्या माणसंच लिहितात, म्हणून कोड बदलला की संगणक आपोआप चाचण्या घेतो. त्यासाठी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २००१ मध्ये एईएसच्या पाच प्रकारांचे नमुनेच छापले: ही किल्ली, हा मजकूर, हे उत्तर. एक बिट चुकला की नापास.

नुसत्या पाठांतराच्या या परीक्षेवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत जुलै २०२२ मध्ये एक चूक दुरुस्त झाली. ३२ बिटी इंटेल जातीच्या प्रोसेसरवर एईएसच्या ओसीबी प्रकारात सहा-सहा तुकडे, म्हणजे ९६ बाइटचा गठ्ठा, एकदम उचलले जात. पुढे पूर्ण गठ्ठा उरला आहे का हे पाहताना ‘कमी’ आणि ‘कमी किंवा तितकंच’ यांत झालेल्या गफलतीने शेवटच्या गठ्ठ्यातले १६ बाइट कूटबद्धच होत नव्हते. मजकुराच्याच जागेवर कूट लिहिलं जात असेल तर तेवढा भाग उघडा राही. आखूड नमुन्यांत ती वेळच येत नाही.

त्यामानाने गूगलच्या मंडळींनी २०१६ मध्ये आणलेला वायचप्रूफ हा चाचणी-संच मला आवडतो. तो मुद्दाम बिघडवलेला मजकूर देतो आणि लायब्ररी तो नाकारते का, ते पाहतो. नाव ऑस्ट्रेलियातल्या चिमुकल्या डोंगराचं. पालीचा सरसगड किल्ला चढलेल्याला तो डोंगर वाटणारही नाही. डोंगर लहान तर चढायला सोपा, म्हणून ते नाव.

तरी एक जागा उरतेच. आधारच्या नियमात दर व्यवहाराला नवी किल्ली बनवायची असते. एखाद्या ॲपवाल्याने आळसाने तीच किल्ली आणि कूट बनवताना तिच्यासोबत द्यायचा तोच सुरुवातीचा आकडा दोनदा वापरला, तर जीसीएमचं संरक्षण ढासळतं. लायब्ररी सहसा निमूटपणे कूट बनवून देते. तिच्या चाचण्या सगळ्या पास, कारण चूक तिची नाहीच. त्या ॲपची परीक्षा कोण घेतं, हे मात्र ई-केवायसीची मुदत वाढवणाऱ्या कुठल्याच घोषणेत नव्हतं.