गड नसलेल्या वाटा

मराठी माणसाला डोंगराची ओढ लागली ती गडांमुळे. शिवचरित्राचे संस्कार, गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गवेड्या लेखकाने वाचकांच्या पिढ्यांना लावलेली गोडी आणि ठिकठिकाणच्या गिर्यारोहण मंडळांची नेटाने चाललेली भ्रमंती यांमुळे सह्याद्रीतील विस्मृत किल्ले पुन्हा माणसांच्या पायाखाली आले. हे ऋण मोठे आहे. परंतु या परंपरेने नकळत एक समजूतही रुजविली. ज्या वाटेच्या टोकाशी तट नाही, दरवाजा नाही, निदान एखादे पाण्याचे टाके तरी नाही, ती वाट चालण्याजोगी नव्हे, अशी ती समजूत होय. तिच्यापायी शहरालगतची साधी, सोपी रानवाट उपेक्षित राहिली.

कर्नाळ्याचे उदाहरण बोलके आहे. पनवेलपासून अवघ्या बारा किलोमीटरांवर, गोव्याच्या महामार्गाला लागून असलेले हे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्यावर खिळलेले असतात. तासाभरात माथा गाठायचा, छायाचित्र काढायचे आणि उतरायचे. पायथ्याशी फिरणाऱ्या हरियाल आणि मोरटाका या वाटांकडे त्यांतील थोडेच वळतात. खरे पाहता अभयारण्य आहे ते या वाटांवर. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर गाऊ लागला, की कोणी उनाड पोर रमतगमत शीळ घालीत चालले आहे असा भास होतो. शुभ्र पिसांची लांब शेपटी मिरवीत स्वर्गीय नर्तक झाडोऱ्यातून क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. त्यासाठी दम लागेपर्यंत चढावे लागत नाही, पुष्कळ वेळ गप्प मात्र राहावे लागते. किल्ला घाईने पाहिला तरी जागचा हलत नाही, रानाचे तसे नाही.

मुंबईकरांना तर पनवेलही गाठण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या पूर्वेस स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे दार आहे आणि त्यामागे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे वन पसरले आहे. ते टिकले कशामुळे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शहराला नळाचे पाणी मिळावे म्हणून १८६० साली विहार तलाव पुरा झाला, १८७९ साली तुळशी. तलावांना पाणी पुरविणारे डोंगर राखणे भाग पडले आणि त्यांच्या आश्रयाने झाडीही राहिली. आज या दोन तलावांचा शहराच्या पाण्यातील वाटा अल्प आहे. त्यांनी राखून ठेवलेल्या रानाचे मोल मात्र कोणत्याही जलमापकावर मोजता येणारे नाही.

दाराशी सकाळी गर्दी असते, हे खरे. परंतु ती बहुतांशी डांबरी रस्त्यावरच फिरून परतते. कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटर चालत जाणारा विरळा, आणि लेण्यांत पोहोचल्यावर पहिल्या चैत्यगृहापलीकडे डोंगरावर चढणारा त्याहून विरळा. तेथे शंभरांहून अधिक लेणी आहेत. गुंफेगणिक पाण्याची कोरीव टाकी आहेत, शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत. व्यापार करणारी माणसे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी याच रानातून पायी येत होती, हे कळल्यावर वाटेवरचा दगडही निराळा दिसू लागतो. शिलोंड्याची वाट याहून शांत. वनखात्याच्या परवानगीने आणि वाटाड्या बरोबर घेऊन गेल्यास दोन-तीन तासांत दाट झाडीतून, ओढ्याच्या सोबतीने ती होते. साठी उलटलेल्या शिक्षकालाही ती जड जाऊ नये.

या भटकंतीचा खर्च तो किती? उपनगरी गाडीचा पास खिशात असतोच. जुने पण घट्ट बूट, पाण्याची बाटली आणि घरून नेलेली पोळी-भाजी एवढी तयारी पुरते. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. शाळांच्या सहली मनोरंजन नगऱ्यांकडे वळविण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलतात, पुढे कोशिंबाला तांबडी पालवी फुटते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातील कोणतेही चित्र इतके सहज समजत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सर्वांनाच या वाटा दाखविल्या, तर त्या शांत कशा राहणार? पावसाळ्यात धबधब्यांची जी दशा होते ती पाहिलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला नाही तरच नवल. त्यावर वाटा लपवून ठेवणे हा उपाय नाही. चार-सहा जणांच्या तुकड्या, ठरलेली संख्या आणि ध्वनिवर्धकाला सक्त बंदी हा उपाय आहे, आणि त्यासाठी वनखात्याने थोडे कठोर व्हावे. या रानात बिबट्यांची वस्ती आहे. तिची धास्ती घेण्याचे कारण नाही, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला वाटेवर नसावे आणि लहान मुलांना पुढे सोडू नये, हे व्यवहाराचे शहाणपण आहे. उद्यानातील पाड्यांवर राहणारे वारली हे पिढ्यान् पिढ्या पाळीत आले आहेत.

हा प्रश्न केवळ रविवारच्या करमणुकीचा नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे पडली. ती जागा वन म्हणावी की नाही, याचा वाद न्यायालयात कागदपत्रांच्या आधारे चालला. शहरातील लाखो माणसांनी ती जागा पायांखालून घातलेली असती, तरी निकाल कदाचित तोच लागला असता, मात्र "तेथे आहे तरी काय?" असा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला गेला नसता. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन झाले. वाहतुकीची निकड नाकारता येत नाही, आणि वर रस्ता करण्यापेक्षा खालून जाणे बरे, असेही म्हणता येईल. तरीही या वनाच्या पोटाखालून काही मिनिटांत निघून जाणाऱ्या प्रवाशाला, आपल्या डोक्यावर कोणती झाडे उभी आहेत याची कल्पना असावी, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

या रानातील करवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ साली ती फुलली होती, पुन्हा २०२४ साली फुलली. उतारच्या उतार जांभळे झाले, मधमाश्यांची झुंबड उडाली आणि बी धरून ती झुडपे वाळली. पुढील बहर २०३२ च्या भाद्रपदाच्या सुमारास यावा. त्या वर्षी दुसरीत असलेले मूल तेव्हा दहावीच्या वर्गात असेल. दहावीचे वर्ष म्हणून पालकांनी त्याला घरी बसवून ठेवले नाही, तर शिलोंड्याच्या वाटेवर ते फुलोऱ्यात चालेल.